कनेरगाव नाक्याचा भाव

सकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं असताना कुसुमबाई पाईकराव पंपाच्या पहिल्या मशीनसमोर येऊन उभ्या राहत. साडीवर पंपाचा निळा शर्ट, शर्टाच्या खिशात दोन पेनं, डाव्या हातात शंभर पानी वही. सहाला मशीनवरचा भाव बदलायचा. तो बदलला की त्या आधी पेट्रोलचा आकडा लिहीत, मग डिझेलचा, मग दुसऱ्या मशीनपाशी जाऊन तिथेही तेच आकडे आलेत का ते बघत. वही मिटून मालकांच्या केबिनच्या खिडकीत ठेवली की पहिल्या गिऱ्हाइकाला हात करत. तोवर समोर कितीही मोठी गाडी येऊन उभी राहो, हॉर्न वाजो, त्यांची मान वळायची नाही.

हिंगोलीहून वाशिमला जाताना कनेरगाव नाक्याला हा पंप लागतो. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि माझं सासर वाशिमचं. महिन्यातून दोनदा स्कूटरवर ही फेरी असते. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून मी लवकर निघते, त्यामुळे कुसुमबाईंचा हा सहाचा कार्यक्रम मी पुष्कळदा पाहिला आहे. पहिल्या वेळी मला वाटलं, बाई उगाच वेळ काढत आहेत. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मी घरून निघायची वेळ त्यांच्या वहीप्रमाणे ठरवू लागले.

पेट्रोल भरण्याआधी "शून्य पाहा" असं सगळ्याच पंपांवर म्हणतात. म्हणता म्हणता पाईप सुरूही करतात. कुसुमबाई थांबत. समोरच्याने शून्याकडे बघून "पाहिलं" म्हटल्याशिवाय त्यांचा हात हलत नसे. एकदा माझ्यापुढे एक पांढरी मोठी गाडी होती. आत काळा चष्मा लावलेले गृहस्थ फोनवर बोलत होते.

"साहेब, शून्य पाहा," कुसुमबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी काचेतून बोटानेच 'भरा' अशी खूण केली. कुसुमबाई पाईप हातात धरून उभ्या.

"भर ना बाई. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"विश्वास कशाला ठेवता साहेब, मशीन हाय ना समोर. नुसतं पाहा अन् सांगा. तकलीफ काहीच न्हाई."

मागे सहा-सात मोटारसायकली खोळंबल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "साहेब, पाहून टाका, न्हाई तं आमाला बी इथंच दुपार व्हते." शेवटी त्यांनी फोन खाली घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि शाळेतल्या पोरासारखं "पाहिलं" म्हणाले. कुसुमबाईंनी पाईप सुरू केला. चेहऱ्यावर विजयाचं वगैरे काही नव्हतं. एक काम झालं, पुढचं घेतलं, एवढंच.

त्यांचं माहेर सेनगाव तालुक्यातलं साखरा. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग नवरा गेल्यावर या पंपावर झाडलोटीचं काम. पुढे मालकांनी त्यांना मशीनवर उभं केलं, तेव्हा नाक्यावरच्या धाब्यांवरून लोक बघायला आले होते म्हणे. "बाई पेट्रोल भरून राहिली, हे पाहायला आले, अन् पाहता पाहता टाकी फुल करून गेले. मालकाचा फायदाच झाला," असं त्या सांगत.

वहीचं कारण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, माणूस आजच्या भावावर भांडत न्हाई. कालच्या भावावर भांडतो." आधी भाव कधीमधी बदलायचे, ते लोकांच्या लक्षात राहायचे. रोज बदलायला लागल्यावर रोजची कटकट सुरू झाली. काल तर एवढा होता, परवा तर तेवढा होता. कुसुमबाईंनी वही घातली. कोणी बोललं की वही उघडून पुढे धरायची. महिन्याभरात भांडणं थांबली, पण वही थांबली नाही. एक भरली की दुसरी. भाव त्या फक्त मशीनवरून घेत. मोबाइलवर आलेला भाव, पेपरात छापलेला भाव, कोणी सांगितलेला भाव वहीत येत नसे. चौदा एप्रिलला त्यांची सुट्टी ठरलेली असे, पण त्या दिवशीही सहाला पांढरी साडी नेसून हजर. भाव लिहायचा आणि मग मिरवणुकीला जायचं. मालक म्हणत, "अहो, आज तरी राहू द्या." त्यावर त्यांचं उत्तर, "ज्यानं आमाला लिव्हायला शिकवलं त्याच्याच दिवशी लिव्हू नको का?"

मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत असे, पण वहीचा उपयोग गिऱ्हाइकांचं तोंड बंद करण्यापलीकडे काही असेल असं मला वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं त्यांनीच, आणि त्याही आधी माझी चूक दाखवून.

एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेने पेट्रोल-डिझेलच्या जुन्या भावांची एक वेब सर्व्हिस सुरू केली होती. म्हणजे असं की, आपल्या प्रोग्राममधून जिल्ह्याचं नाव आणि तारीख पाठवायची. पलीकडचा सर्व्हर त्या दिवशीचा त्या जिल्ह्यातला भाव परत पाठवतो. मधे माणूस नाही, अर्ज नाही, वाट बघणं नाही. वर्गात शिकवायला उत्तम. मी हिंगोलीचं नाव घालून काही वर्षांचे भाव मागवले, आलेख काढला, मुलांनी तो भिंतीवर लावला. त्या शनिवारी छापील यादी माझ्या पिशवीत होती. मोठ्या हौसेने मी ती कुसुमबाईंना दाखवली.

त्यांनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं. दुसऱ्या पानावर ते थांबलं.

"मॅडम, हे कुठले भाव हायेत?"

"आपल्या जिल्ह्याचे. हिंगोलीचे."

"न्हाई. हे वाशिमचे हायेत."

मी हसले. संस्था केवढी, सर्व्हर केवढा, हे त्यांना समजावून सांगू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काहून ते सांगू? रोज वाशिमकडून येणारा एक तरी डायव्हर मला टोमणा मारून जातो. तिकडं इतक्यात भेटते बाई, तुमच्याकडंच महाग काहून? मला वाशिमचा भाव आपल्या भावासंगं रोज फुकट पाठ होते." त्यांनी खिडकीतली वही आणली, एक तारीख काढली. वहीत एक आकडा, यादीत दुसरा. पुढची तारीख. तिसरी. नंतरच्या काळातले भाव जुळत होते. जुन्या वर्षांचा एकही जुळत नव्हता.

"आपला टँकर येतो दुसरीकडून, त्याचं भाडं येगळं. जिल्हा येगळा, रस्ता येगळा, अन् भाव त्यांचा. बराबर हाय का हे?"

मी कॉलेजात परत येऊन संस्थेला लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं ते अगदी सरळ होतं. जुन्या वर्षांसाठी हिंगोली जिल्ह्यातली एकही नोंद त्यांच्याकडे नव्हती. ज्या जिल्ह्याची नोंद नाही, त्याला प्रोग्राम नकाशावरचं जवळचं ठिकाण शोधून तिथला भाव देत होता. आमच्या जवळ वाशिम. त्यामुळे जो कोणी हिंगोलीचे जुने भाव मागेल, त्याला वाशिमचे मिळत राहणार. विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहिणार, कोणी त्यावर भाडी ठरवणार, आणि आमचा जिल्हा त्या काळात होताच कुठे असं वाटावं इतका बेपत्ता. तुमच्याकडे पंपावरची रोजची नोंद असेल तर पाठवा, असंही लिहिलं होतं. अट एकच. नोंद सलग हवी. खंड असेल तर ती ग्राह्य धरता येणार नाही.

हे मी कुसुमबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीतली वही हातात घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजी माह्या वह्या तिकडं जातील? अन् हिंगोली म्हटलं की माहा आकडा येईल?"

"येईल."

"मंग बसा. मी सांगते, तुमी लिव्हा."

दिवाळीच्या सुट्टीत त्या रोज दुपारी दोनला ड्युटी संपवून एसटीने हिंगोलीला माझ्या घरी येत. अकरा वह्या. त्या वाचत, मी कॉम्प्युटरवर भरत असे. माझी गती बरी आहे, पण चुका त्या पकडत. आकडा सांगून झाला की पडद्याकडे बघत आणि "मॅडम, पैशे उलटे झाले," म्हणत. मधेच एखाद्या तारखेला थांबून सांगत, "या दिवशी लाईट गेली व्हती, भाव साडेसातला दिसला, म्हून बाजूला येळ लिव्हली हाय." मी कामांच्या याद्या करून, एकेक ओळ खोडत जगणारी बाई. पण वर्षानुवर्षं एकच ओळ, रोज, आणि ती कोणी बघणार नाही हे माहीत असून, अशी यादी माझ्याकडून झाली नसती.

सहाव्या वहीत एक पान आलं आणि त्यांचं वाचणं थांबलं. पानावर अक्षर दुसऱ्याचं होतं, पेन दुसरं होतं. सतरा दिवसांचे भाव, आणि त्या सगळ्यांवर एक तिरपी रेघ. बाजूला कुसुमबाईंच्या अक्षरात दोनच शब्द: 'मी नव्हते'.

त्या सतरा दिवसांत त्या लेकीच्या बाळंतपणासाठी वसमतला होत्या. मागे मशीनवर गजानन होता. चाळिशीचा, सरळ मनाचा माणूस. आक्काची वही कोरी राहू नये म्हणून त्याने रोज भाव लिहिला. परत आल्यावर कुसुमबाईंनी त्याला विचारलं होतं, "गजानन, मशीनचा लिव्हला का पेपरचा?"

तो म्हणाला होता, "पेपरचा, आक्का. सकाळी गर्दी राहते, पेपर निवांत भेटते."

पेपरात भाव असतो मोठ्या शहराचा. कुसुमबाई त्याला रागावल्या नाहीत. चहा पाजला आणि रेघ मारली.

रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. मी व्यवहारी आहे. म्हटलं, "कुसुमबाई, सतरा दिवस आहेत. आधीचा भाव आपल्याकडे आहे, नंतरचा आहे. मधले मी हिशेबाने काढून भरते. आमच्या शास्त्रात हे चालतं. कोणाला फसवणं नाही त्यात."

"तुमच्या शास्त्रात चालत असंल. माह्या वहीत न्हाई."

"मग सगळ्याच वह्या जातील. हिंगोलीच्या नावावर वाशिमच राहील."

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, ते मला स्पष्ट दिसलं. अकरा वह्या टेबलावर होत्या. त्यांनी त्या एकावर एक नीट लावल्या आणि म्हणाल्या, "सतरा दिवस हुडकू. भेटले तं भेटले."

दोन आठवडे त्यांनी नाक्यावर विचारत काढले. त्या दिवसांत पेट्रोल भरलेलं कोण, पावती कोणाकडे. लोकांनी पावत्या आणून दिल्या, पाकिटातून, देवळीतून, गाडीच्या डिकीतून. पण मशीनच्या पावतीवरची शाई वर्षभरात उडते. बहुतेक पावत्या कोऱ्या चकचकीत कागद झाल्या होत्या. सगळ्यात मोठी आशा होती जीपवाल्या इस्माईलभाईंची. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, मेरी एक बी पावती उडी नहीं. सब जपून ठेवल्यात." दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याची फाइल घेऊन आले. शाई उडू नये म्हणून त्यांनी आदल्याच संध्याकाळी प्रत्येक पावती हिंगोलीला नेऊन लॅमिनेट करून आणली होती. लॅमिनेशनच्या मशीनची गरमी लागून सगळ्या पावत्या काळ्याकुट्ट झालेल्या. प्लॅस्टिकमधे बंद केलेले काळे चौकोन, तारखेनुसार लावलेले.

इस्माईलभाई फाइल धरून उभे राहिले. "दुकानवाल्याने तर सांगितलं, शंभर वर्ष टिकतील."

"टिकल्या की," कुसुमबाई म्हणाल्या. "कशाला काही झालं न्हाई. नुसतं वाचता येत न्हाई."

आणि दोघंही इतके हसले की गजाननने पाईप बंद करून मागे वळून पाहिलं. त्या संबंध शोधात मला त्यांचं तेवढंच हसणं आठवतं. शेवटी आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरच्या दौऱ्याच्या डायरीत चार दिवसांचे भाव हाताने लिहिलेले सापडले, आमच्याच पंपाचे. सतरातले चार मिळाले. तेरा उरले. ते रिकामे ठेवून मी सगळी नोंद संस्थेला पाठवली.

मग संस्थेतल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. माझ्याच फोनवर, पण त्यांना त्या बाईंशी बोलायचं होतं. मी स्पीकर लावला. गृहस्थ सभ्य होते, हिंदीत बोलले. म्हणाले, आपकी कापी बहुत कीमती है. तेरह दिन का सवाल है. हम औसत लगा देते हैं, आप बस हाँ कर दीजिए.

कुसुमबाई केबिनच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी फोनकडे, जणू समोर माणूस बसलाय असं, पाहिलं.

"साहब, औसत के भाव में उस दिन पेट्रोल किसने भराया? एक आदमी का नाम बता दो. मैं लिख देती."

पलीकडून पुन्हा "तेरह ही दिन तो हैं" आलं.

"नाम नहीं ना? तो फिर खाली छोड़ो. मैं थी वो दिन का भाव लिखी. नहीं थी वो दिन का नहीं लिखी. अब तुमको लेना होगा तो दोनों लेना."

ते म्हणाले, मी वर विचारून कळवतो. फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. मी माझ्या वहीतल्या त्या कामापुढे प्रश्नचिन्ह काढलं. कुसुमबाई दोनची ड्युटी संपवायला उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "वाईट वाटून राहिलं मॅडम. पण खोटं गेलं असतं तं यापरीस जास्ती वाटलं असतं."

दोन महिने काही कळलं नाही. दर फेरीला त्या विचारत, "आलं का काही?" आणि मी नाही म्हणत असे. त्याच काळात त्यांनी काम सोडायचं ठरवलं. गुडघे दुखत होते, लेक वसमतजवळच्या कुरुंद्याला, तिच्या घरी बोलावत होती. जाण्याआधी त्यांनी गजाननला नवी वही आणून दिली आणि पंधरा दिवस सहाला त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, न बोलता.

उत्तर आलं ते एका मंगळवारी. वह्या स्वीकारल्या होत्या, सगळ्या. त्याखालचा मजकूर मी उभ्याने दोनदा वाचला. यापुढे ज्या दिवशीची नोंद नाही, त्या दिवशी सर्व्हिस उसना भाव देणार नव्हती. जागा रिकामी ठेवणार होती. आणि प्रत्येक भावापुढे एक खूण येणार होती, नोंदलेला की अंदाजी. फक्त हिंगोलीला नव्हे, सगळ्या जिल्ह्यांना. आमच्या जुन्या वर्षांपुढे उगम म्हणून लिहिलं होतं: कनेरगाव नाका, नोंद कुसुम पाईकराव.

मी पंचवीस वर्षं आकडे शिकवते आहे. नोंद आणि अंदाज यांतला फरक पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. पण तो फरक पाळायची वेळ आली तेव्हा मी भरायला निघाले होते आणि सातवी शिकलेल्या बाईंनी मला थांबवलं. हे मी आता दरवर्षी वर्गात सांगते, त्यांचं नाव घेऊन, आणि सांगताना माझी मान ताठ होते.

कुरुंद्याला निघाल्या त्या दिवशी मी त्यांना कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधे बोलावलं. खुर्चीच्या टोकावर बसल्या. मी जिल्ह्याचं नाव लिहून दिलं आणि म्हटलं, आता कोणतीही तारीख टाका. मला वाटलं वहीचा पहिला दिवस टाकतील. त्यांनी एका बोटाने, एकेक अंक शोधत, तारीख लिहिली. कळ दाबली. पडद्यावर हिंगोली आलं, तारीख आली, आणि भावाची जागा रिकामी.

"अहो, हा त्या तेरातला दिवस निघाला," मी म्हटलं. "दुसरा टाकू या."

"ऱ्हाऊ द्या. हाच पाह्यचा व्हता," त्या म्हणाल्या. "या दिवशी माही नात झाली." मग विचारलं, "याचा कागद निघतो का?"

मी छापून दिला. पूर्ण पानावर दोन ओळी, बाकी सगळं कोरं. घडी पडू नये म्हणून त्यांनी तो पुठ्ठ्यावर ठेवून दोन्ही हातांनी धरला. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वसमतची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली, शेजारी एक अनोळखी बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. गाडी वळली तेव्हा मला त्या दोघी दिसल्या. कुसुमबाईंनी कागद तिच्यापुढे सरळ धरला होता, त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून काहीतरी समजावत होत्या, आणि ती बाई पिशवी मांडीवरून खाली ठेवून नीट बघत होती.